ओरखडा, भेग आणि बोट: फायबरच्या बोटीची दुखापत कशी ओळखावी, कशी भरावी

(जयसिंगपूर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग हे बोटीचं कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की हा विषय मी काढला नाही, पुरानं काढला.

आपण शिरोळ तालुक्यातली माणसं. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला पंचगंगा, नरसोबाच्या वाडीला दोघींचा संगम आणि पुढे कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. त्या दुर्घटनेची चिकित्सा मला आज करायची नाही. पण त्या दिवसापासून आपल्याकडे बोटीत पाय टाकताना माणूस खाली बघायला लागला, एवढं खरं. आणि खाली बघितलं की काय दिसतं? ओरखडे. मग प्रश्न येतो, "चालंल का हो ही?"

या चार शब्दांच्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे जोखमीचं काम. "चालतंय की" म्हणणारे पुष्कळ भेटतात. "ही मोडीत काढा" म्हणणारेही भेटतात. दोघांनीही बोट वाकून पाहिलेली नसते. आज आपण वाकून पाहायचं कसं, ते बघू.

आधी बोट कशाची आहे ते समजून घेऊ

जुन्या घरातली कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या विणायच्या, वर शेणामातीचा लेप द्यायचा आणि शेवटी गिलावा किंवा सारवण. ताण काड्या सोसतात. माती काड्यांना जागेवर धरून ठेवते. सारवण पाणी आणि वारा अडवतं. फायबरच्या बोटीची घडण अगदी अशीच आहे. काड्यांच्या जागी काचेचे बारीक तंतू, म्हणजे बाजारात ज्याला मॅट म्हणतात ती, किंवा जाड विणीचं काचेचं कापड. मातीच्या जागी रेझिन, बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन. आणि गिलाव्याच्या जागी जेलकोट.

हा जेलकोट म्हणजे रंग नव्हे, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. साचा आतून गुळगुळीत करतात, त्याला मेण लावतात, मग आधी जेलकोट मारतात आणि त्याच्यावर मॅट आणि रेझिनचे थर बसवत जातात. म्हणजे बोट बाहेरून आत अशी तयार होते. रंग जसा शेवटी वरून देतात तसा जेलकोट दिलेला नसतो. तो बोटीबरोबरच जन्माला येतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्या अर्ध्या मिलिमीटरवर आपलं पुष्कळसं निदान अवलंबून आहे.

गिलावा पडला म्हणून भिंत पडत नाही. पण गिलावा पडलेल्या जागेतून चार पावसाळे पाणी आत गेलं की एक दिवस भिंतही बसते. काच स्वतः पाणी पीत नाही, पण तंतू आणि रेझिन यांच्या सांध्यातून पाणी वातीत तेल चढावं तसं सरकत जातं आणि हळूहळू त्यांची पकड सोडवतं. म्हणून जेलकोट फुटलेली बोट आज बुडत नाही, आणि तीन वर्षांनी तिचा भरवसा राहत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. भांडण होतं ते लोक यातली एकच धरून बसतात म्हणून.

पुरातल्या बोटीला ओरखडे जास्त का पडतात

समुद्रातल्या बोटीखाली पाणी असतं. पुरातली बोट गावावरून जाते. तिच्या खाली रस्ता असतो, कुणाच्या घराची पायरी असते, बुडालेलं कुंपण, हातपंप, शेतात राहिलेला नांगर असतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. माणसं चढवताना बोट कट्ट्याला टेकते, आठ माणसं बसली की खाली दबते आणि सिमेंटवर घासते.

आणि एक गंमत सांगतो. आम्ही ज्या बोटी पाहिल्या, त्यांच्यावरचे निम्मे ओरखडे पाण्यातले नव्हतेच. पूर ओसरल्यावर बोट ट्रॉलीवर चढवताना, डांबरी रस्त्यावरून ओढताना पडलेले होते. जिनं माणसं वाचवली तिला परत नेताना आपण रस्त्यावरून फरफटत नेतो. असो.

निदान: नदीचा पूर पाहून पावसाचं अनुमान

इथे मला माझ्या जुन्या धंद्याकडे वळावं लागतंय, क्षमा करा.

न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक 'शेषवत्', म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचं उदाहरण काय आहे माहीत आहे का? नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असावा, हे ओळखणं. आपल्याच दारातलं उदाहरण! आणि पुढे, दुसऱ्या अध्यायात, यावर एक आक्षेपही नोंदवलेला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, नदीचं पाणी खाली कुठेतरी अडवलं तरी पाणी फुगतं, मग पुरावरून पावसाचं अनुमान कसं करता? (हशा) हसू नका, अलमट्टीचा वाद आज इथे काढायचा नाही.

त्या आक्षेपाला नैयायिकांनी दिलेलं उत्तर फार मोलाचं आहे. ते म्हणतात, नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून आम्ही अनुमान करतच नाही. प्रवाहाला वेग आहे, फेस आहे, पानं, फळं, लाकडं वाहून येताहेत, असं सगळं पाहून म्हणतो की वर पाऊस झाला. म्हणजे ढोबळ खूण पुरत नाही, विशेष खूण पाहावी लागते.

बोटीचं नेमकं तेच आहे. 'ओरखडा आहे' ही ढोबळ खूण. त्याच्यावरून 'बोट वाईट' हेही ठरत नाही आणि 'काही झालं नाही' हेही ठरत नाही. विशेष खुणा पाहाव्या लागतात. त्या अशा.

पहिली गोष्ट, बोट धुवा. साबण आणि स्वच्छ पाणी. आपल्याकडचा काळा गाळ ओरखड्यात बसला की साधा चरासुद्धा खोल भेग वाटतो, आणि खरी भेग गाळानं बुजून दिसेनाशी होते. धुऊन बोट पालथी घाला आणि पूर्ण वाळू द्या.

दुसरी, तिरका उजेड. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना पाहू नका. संध्याकाळ झाल्यावर बॅटरी बोटीच्या अंगाला जवळजवळ टेकवून धरा. प्रत्येक उंचवटा आणि खळगा सावली टाकतो.

तिसरी, नख. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर घाव वरवरचा. अडकलं तर जेलकोट कापला गेलाय. आणि खोबणीत तंतू दिसले, पांढुरके केसासारखे, तर घाव जेलकोट ओलांडून आत गेला. बोटानं बोट तपासायची, एवढं सोपं आहे.

चौथी, शाई. संशयाच्या जागेवर गडद शाई किंवा मार्कर फिरवा आणि ओल्या फडक्यानं लगेच पुसा. गुळगुळीत भागावरची शाई निघते, केसाएवढ्या भेगेतली राहते. भेगेचा नकाशा समोर येतो.

हा नकाशा वाचायला शिका. एका बिंदूपासून चहूकडे गेलेल्या रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा चांदणीसारख्या, म्हणजे तिथे ठोसा बसलाय. एकमेकींना समांतर रेषा, विशेषतः आतल्या फासळीच्या किंवा बाकाच्या कडेला, म्हणजे तो भाग वारंवार लवतोय. तिथे नुसती भेग भरून उपयोग नाही. लवणं थांबवलं नाही तर पुढच्या वर्षी तीच भेग तिथेच उघडते. आणि बारीक फोड आलेले असतील, फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर पाणी आत मुरून रेझिन बिघडू लागलंय.

पाचवी खूण आपल्या घरातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. कुंभाराकडून माठ घेताना काय करता? टिचकी मारता. खणखणीत वाजला तर घेता, बद्द वाजला तर परत ठेवता. बोटीला रुपयाच्या नाण्यानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यानं तसंच हलकं ठोकत जा. टक-टक असा कोरडा, नेटका आवाज यायला हवा. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. मात्र आत फासळी किंवा लाकूड असेल तिथेही आवाज बदलतो. म्हणून डाव्या बाजूची तीच जागा उजव्या बाजूला ठोकून ताडून पाहा. पुन्हा तेच, ढोबळ खूण नको, विशेष खूण हवी.

आणि सहावी, जी सगळे विसरतात: आतून बघा. त्याचीच गोष्ट सांगतो.

एका बोटीची गोष्ट

२०१९ चा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावातून निरोप आला. तिथला एक माझा जुना विद्यार्थी. तत्त्वज्ञानात काठावर पास झाला होता. पुढे फायबरच्या टाक्या आणि दरवाजे करण्याचं काम शिकला आणि त्यात तरबेज झाला. गावची बोट त्याच्याकडे आणून टाकली होती. मी गेलो तेव्हा बोटीभोवती दहा-बारा माणसं उभी. बोटीच्या कुशीवर पुढून मागपर्यंत हातभर रुंदीत काळे ओरबाडे, बघून पोटात गोळा यावा असे. लोकांचं मत झालेलं: ही गेली.

तो मला म्हणाला, "सर, त्याच्याकडं बघू नका. हिकडं या." पुढच्या टोकाखाली, वळणावर, रुपयाएवढी एक चांदणी होती. कुणाच्या लक्षातही आलेली नव्हती. त्यानं नाणं वाजवलं. बद्द. मग आतली प्लायवूडची फळी काढली. खाली तळहाताएवढा भाग दुधासारखा पांढरा झालेला. ठोशानं थर एकमेकांपासून सुटले की आतून असा पांढरेपणा दिसतो. मी अंगठ्यानं दाबलं तर तो भाग किंचित आत गेला.

कुशीवरचे ते भयंकर ओरबाडे? निम्मे तर दुसऱ्या बोटीचा आणि टायरचा काळा रंग होता, पुसून गेला. उरलेले जेलकोटच्या आतच होते.

जे सगळ्यांना दिसत होतं ते निरुपद्रवी होतं. जे घातक होतं ते फळीखाली झाकलेलं होतं. या धड्यासाठी मी चाळीस वर्षं वर्गात वेगवेगळी उदाहरणं देत होतो. माझ्याच विद्यार्थ्यानं ते मला फळी उचलून दाखवलं.

चार प्रकार

चरकसंहितेत रोगांची एक वर्गवारी आहे: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि ज्याला हात लावू नये असा. मला बोटीसाठी ती फार सोयीची वाटते.

सुखसाध्य म्हणजे जेलकोटच्या आतला घाव, मग नख अडकलेलं असो वा नसो. हा गावात, घरच्या घरी बरा होतो.

कृच्छ्रसाध्य म्हणजे जेलकोट ओलांडून तंतूंपर्यंत गेलेला, पण मर्यादित जागेतला. बरा होतो, पण शिकलेला हात हवा.

याप्य म्हणजे ज्याच्यासह जगायचं, पण नजर ठेवून. जुन्या बोटीवरच्या केसासारख्या भेगा, ज्या ठोकून पाहिल्या तर आवाज चांगला येतो. त्यांच्या टोकांशी मार्करनं खूण करून तारीख लिहा. सहा महिन्यांनी भेग खुणेपलीकडे गेली तर ती याप्य राहिली नाही.

चौथा प्रकार: आरपार चीर, मोठा भाग सुटलेला, कणा दुखावलेला, मागे ओबीएम इंजिन बसतं तिथलं लाकूड कुजलेलं. इथे आपण हात लावायचा नाही. बोट बांधणाऱ्याकडे पाठवायची किंवा पाण्यातून कायमची काढायची. वैद्यानं 'माझ्याच्यानं होणार नाही' म्हणणं हाही उपचाराचाच भाग आहे.

सुखसाध्य घाव कसा भरायचा

नख न अडकणारे ओरखडे रबिंग कंपाउंडनं घासून आणि मेणाचं पॉलिश लावून जातात. त्यात अडकत नाही.

नख अडकतं, तिथे क्रम महत्त्वाचा. आधी ॲसिटोनच्या फडक्यानं जुनं मेण आणि तेलकटपणा काढायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. उलटं केलंत तर घासताना मेण चऱ्यात रुतून बसतं आणि नवा जेलकोट धरत नाही. एका फडक्यानं लावा, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं लगेच टिपा.

मग चरा थोडा उघडा करायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण बारीक फटीत जाड जेलकोट उतरत नाही, वरच पूल बांधून बसतो. पटाशीच्या किंवा स्क्रॅपरच्या कोपऱ्यानं चऱ्याला इंग्रजी व्ही अक्षराचा आकार द्यायचा, कडा ८० ते १२० नंबरच्या पेपरनं खरबरीत करायच्या आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची.

जेलकोटमध्ये मिसळायचं ते कॅटॅलिस्ट, म्हणजे एमईकेपी. प्रमाण साधारण १ ते २ टक्के. १०० ग्रॅम जेलकोटला १ ते २ ग्रॅम. थेंब मोजायचे नाहीत आणि अंदाजानं तर मुळीच ओतायचं नाही. छोटा वजनकाटा किंवा सुई काढलेली सिरिंज घ्या. मी एकदा मे महिन्यात दुपारी अंदाजानं ओतलं. पाच मिनिटांत डबा हातात धरवेना, धूर निघायला लागला. ही रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि डब्यात माल जास्त असेल तर ती उष्णता साठत जाते. म्हणून थोडाथोडा माल करा, सकाळच्या वेळी करा. उन्हाळ्यात प्रमाण १ टक्क्याकडे ठेवा, पण त्याच्या खाली जाऊ नका. नाहीतर तो कधीच पुरता कडक होत नाही.

भरताना किंचित उंच भरा, कारण वाळताना तो आक्रसतो. आणि वरून प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवा. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो. त्याला हवा तोडावी लागते. दुसऱ्या दिवशी फिल्म काढून २२० पासून सुरू करून ४००, ६००, ८००, १००० अशा चढत्या नंबरच्या पेपरनं घासायचं, ४०० च्या पुढे पाणी लावून. शेवटी कंपाउंड आणि मेण. रंग तंतोतंत जुळणार नाही. उन्हानं जुना जेलकोट फिका झालेला असतो. आपल्याला बोट लग्नात मिरवायची नाही.

कृच्छ्रसाध्य घाव

तंतू दिसले की पहिला नियम: वाळू द्या. तळपत्या उन्हातही आतलं पाणी लवकर निघत नाही. त्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस उन्हात ठेवा. प्लास्टिकच्या आतून दव धरलं तर आत अजून ओल आहे. दव धरणं थांबेपर्यंत पुढचं काम नाही. कधी याला आठवडे लागतात. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत रंगवून मोकळे होणारे लोक ओल आत कोंडून ठेवतात.

दुसरा नियम उताराचा. खराब झालेला भाग ग्राइंडरनं काढायचा, तो विहिरीसारखा उभा नाही तर ताटलीसारखा पसरट. खोलीच्या बारापट उतार धरतात. म्हणजे घाव ३ मिलिमीटर खोल असेल तर कडेनं चहूकडे ३६ मिलिमीटर उतार. कारण नवा तुकडा जुन्या बोटीला धरतो तो फक्त चिकटण्यावर. चिकटायला जागा जितकी जास्त तितका ताण विभागला जातो. उभ्या कडेचा पॅच बाटलीच्या बुचासारखा बसतो, आणि बूच निघतं.

मग मॅटचे तुकडे, रेझिनमध्ये पुरते भिजवून, एकावर एक बसवायचे. मॅट पांढरी दिसते तोवर कोरडी आहे. पुरती भिजली की पारदर्शक होते. रोलरनं आतली हवा काढायची. वजनानं मॅटच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद हा गैरसमज आहे. काड्या कमी आणि माती जास्त झाली तर कूड मजबूत होत नाही, तडकतं. थर कडक झाल्यावर घासून सपाट करायचे आणि वर जेलकोट.

त्या बोटीच्या टोकाखालची चांदणी अशीच दुरुस्त झाली. आतून सगळा पांढरा भाग घासून काढला आणि दोन्ही बाजूंनी थर दिले. त्याला तीन आठवडे लागले. त्यातले अडीच नुसते वाळण्यात गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ती बोट पाण्यात होती.

जिवाची काळजी

हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे हे काम उघड्या हातांनी आणि बिडी ओढत चालतं. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. गेलाच तर लगेच, तिथल्या तिथे, भरपूर पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. रेझिनमध्ये घालायचा कोबाल्ट, ज्याला ॲक्सिलरेटर म्हणतात, तो आणि कॅटॅलिस्ट हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा. काचेची धूळ छातीत जाते, म्हणून मास्क. रेझिनचा आणि ॲसिटोनचा वास कोंडलेल्या खोलीत नको, आणि जवळ आग तर नकोच.

काही प्रश्न

*प्रश्न: सर, दोन गोळे मळून लावायचं इपॉक्सी मिळतं. ते लावलं तर भागत नाही का?*

भागतं, पूर ओसरेपर्यंत. भर पुरात चीर पडली तर जागा शक्य तितकी कोरडी करून ते जरूर लावा, माणसं कमी बसवा आणि त्याच्यावर मार्करनं 'तात्पुरते' असं लिहा. लिहिलं नाही तर ते कायमचं होतं. पूर ओसरला की ते खरवडून काढायचं. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला चांगलं धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. म्हणून घाईत लावलेला तो गोळा पुढच्या पक्क्या दुरुस्तीच्या आड येतो.

*प्रश्न: नुसता ऑइल पेंट मारला तर पाणी अडणार नाही का?*

काही दिवस अडेल. पण त्या रंगानं घाव दिसेनासा होतो, आणि पुढच्या तपासणाऱ्याचा डोळा बांधला जातो. बोटीवर नाव रंगवायला आपल्याकडे पैसे निघतात, ओरखडा भरायला निघत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. तपासल्याशिवाय रंगवायचं नाही.

*प्रश्न: आमच्या बोटीला दुहेरी तळ आहे, मध्ये फोम आहे. तिचं काय?*

तिला जास्त जपा. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई', जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्याही अंगात मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंना फायबर आहे. अशा बांधणीत हलकेपणा आणि ताकद दोन्ही मिळतात. पण बाहेरची कातडी फुटली की पाणी मधल्या थरात पसरतं आणि बाहेर दिसत नाही. बोट हलवून पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का ऐका. पूर्वी चार माणसं उचलायची, आता सहा लागतात, असं झालं असेल तर समजा.

*प्रश्न: वर्षभर बोट ठेवायची कशी?*

पालथी किंवा टोक जरा उंच करून, टायरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर. खालचं बूच काढून, म्हणजे आत पाणी साठणार नाही. वरून छप्पर किंवा ताडपत्री. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल तर उन्हानं जेलकोट खाल्लाय. आणि तपासणी मार्चमध्ये. मार्चमध्ये दोष सापडला तर वाळवायला एप्रिल आणि भरायला मे मिळतो. जुलैमध्ये सापडला तर हातात फक्त चिकटपट्टी राहते.

*प्रश्न: एवढं सगळं करूनही खात्री देता येते का, सर?*

पूर्ण नाही. अनुमानाला पूर्ण खात्री नसते. म्हणूनच नैयायिक खुणा वाढवत जातात. आपण धुतलं, उजेड टाकला, नख फिरवलं, शाई लावली, वाजवलं, फळी उचलून आत पाहिलं. एवढं केलेल्या माणसानं "चालंल" म्हटलं तर त्याच्या शब्दाला वजन असतं. नुसतं उभ्यानं पाहून म्हटलं तर नसतं. बोटीत बसणाऱ्याला, अंधारात पोर कडेवर घेऊन चढणाऱ्या बाईला, यातलं काही तपासता येत नाही. ती आपल्या शब्दावर बसते. तेव्हा वही ठेवा. कुठली जागा, काय दिसलं, कधी भरलं, कुणी तपासलं. खाली सही करा. सही करायची म्हटलं की माणूस आपोआप फळी उचलून बघतो.